साचा तुझ्याकडे, रायफल माझ्याकडे

प्रिय लायल,

खोका उघडल्यावर दचकू नकोस. कागदात गुंडाळलेली शिशाची गोळी मीच ठेवली आहे, आणि ती धमकी नाही. धमकी द्यायची असती तर तुझी ही बहीण स्वतः ॲरिझोनाला येऊन दारात उभी राहिली असती, हे तू जाणतोस. आधी पत्र वाच, मग गोळी बघ. तुझी सवय उलटी, म्हणून सांगते.

पहिली बातमी: मला परवाना लागला! आपल्या स्नोई डोंगरातल्या एल्क हरणाच्या नराच्या शिकारीचा! दरवर्षी अर्ज करायचा आणि दरवर्षी सोडतीत भलत्याचंच नाव निघायचं. यंदा माझं निघालं. आनंदाच्या भरात मी टपालवाल्या बाईला मिठी मारली, बिचारी घाबरलीच. तेव्हाच ठरवलं, हा नर आजोबांच्या रायफलीनेच टिपायचा. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या रविवारी हंगाम संपतो. परवाना पुन्हा कधी लागेल कोण जाणे, आणि लागला तरी गुडघे डोंगर चढू देतील असं वाटत नाही. यंदा नाही तर कधीच नाही.

पण घोडं पेंड खातं ते साच्यापाशी. बाबांना पुरून आलो त्या दुपारी मी भिंतीवरची रायफल उचलली आणि तू गोळ्या पाडायचा साचा खिशात घातलास. नंतर जे भांडण झालं ते मी इथे उगाळत नाही. चूक तुझीच होती, एवढं म्हणते आणि पुढे जाते. आजोबांनी झिजलेली नळी गावातल्या लोहाराकडून आतून कोरून घेतली, तेव्हापासून तिचं माप जगात कुणाशी जुळत नाही. तिचा साचाही त्याच लोहाराच्या हातचा. दुकानातली गोळी घातली, तर ती एल्कला लागेल की शेजाऱ्याच्या गाईला, देवच जाणे. एकाकडे कुलूप, दुसऱ्याकडे किल्ली, आणि आपण दोन शहाणे इतकी वर्षं तोंड फिरवून बसलोय.

काल शेड झाडत होते, तर सगळं आठवलं बघ. बाबा शिसं वितळवायचे, त्यात थोडं कथील घालायचे. मी पळीने साच्यात ओतायची, तू साचा उघडायचास. गोळी सुरकुतलेली निघाली की तुझं तोंड वाकडं. बाबांचं ठरलेलं, “अरे, तोंड काय पाडतोस? शिसं कुठे पळून गेलं का? परत भांड्यात घाल.” आणि ते गोळ्यांना फासायचं वंगण! आईने मेण आणि मेंढीची चरबी कढवून लोण्याच्या भांड्यात ओतून ठेवलेली, आणि चहाला आलेल्या पाद्रीबुवांनी ती पावाला फासून दोन तुकडे खाल्ले. वर म्हणाले, “लोणी जरा जुनं दिसतंय, पण चव आहे हं!” आई हूं की चूं न करता तिसरा तुकडा पुढे करत होती आणि तू टेबलाखाली लोळत होतास. काल मी एकटीच मोठ्यांदा हसले.

साचा नाही म्हटल्यावर, तंबाखूच्या जुन्या डब्यात आपण दोघांनी पाडलेल्या मूठभर गोळ्या उरल्या होत्या, त्याच मी हंगाम सुरू होताना काढल्या. काडतुसं भरायच्या मदतीला डेलमर हौगेन आला. ओढ्यापलीकडचा, आठवतो? पाय घसरून पडला तरी पडता पडता गोष्ट पुरी करणारा. माझा वेन जाऊन किती वर्षं झाली, डेलमरची बायकोही गेली. हल्ली तो पाय मोकळे करायला म्हणून येतो आणि जेवूनच जातो. मी त्याला बजावलं होतं, “हे बघ, बाबांचा नियम आहे. वितळलेलं शिसं किंवा बंदुकीची दारू समोर असेल तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. ना तू, ना मी.” त्याने मान डोलावली. बऱ्याच वेळाने मी पितळी पुंगळ्यांत मापाने दारू ओतत असताना हा पठ्ठ्या म्हणतो काय, “आर्डिस, आपण लग्न करू या का गं?”

नियम म्हणजे नियम. मी बोलले नाही. पुंगळ्यांवर गोळ्या बसवत राहिले आणि तो टोपी चुरगाळत घामाने भिजत राहिला. काम संपल्यावर म्हटलं, “नियम मोडलास, म्हणून उत्तर उशिरा मिळेल.”

नेम बसवायला मी लोखंडी पत्र्यावर बार काढले. सगळे खणखणीत! डोंगरावर न्यायला एकच काडतूस ठेवलं, आपल्या घरच्या रीतीप्रमाणे. दुसरं खिशात असलं की माणूस पहिलं निष्काळजीपणे उडवतो, असं बाबा म्हणायचे ना? पहाटे आम्ही दोघं चढलो. धुकं हललं आणि झाडांतून तो नर बाहेर आला, शिंगं अशी की दोन्हीकडच्या फांद्यांना घासत होती. नेम धरला, चाप ओढला, आणि... फुस्स! धूर नाही, धक्का नाही. बार मागाहून उडाला तर, म्हणून नळी दरीकडे धरून आम्ही पुतळ्यासारखे उभे. नराने आमच्याकडे पाहिलं, कान हलवले आणि तो सावकाश निघून गेला. डेलमरने विचारलं तेव्हाच ती पुंगळी माझ्या हातून रिकामी राहिली होती! माझ्या हातून, लायल! आयुष्यभराचा डोलारा क्षणात कोसळला, आणि हा माणूस हळूच म्हणतो, “असू दे. त्याच्याही घरी कुणी वाट बघत असेल.” मला असं हसू फुटलं की मी बर्फात बसले. बसल्या बसल्याच त्याला हो म्हटलं.

घरी येऊन नळीत अडकलेली गोळी सळईने अलगद बाहेर काढली. तीच तुझ्या खोक्यात आहे. तिच्या अंगावर आजोबांच्या नळीतल्या पिळाच्या रेघा उमटल्यात. बोट फिरवून बघ. तुझ्यामाझ्या हातची ती शेवटची.

आता लिहायला का बसले ते सांगते. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, माझं लग्न आहे. बाबा नाहीत, तर चर्चमध्ये माझ्या शेजारून कोण चालणार? तू बुधवारी ये. साचा आण, ही गोळीही आण, परत भांड्यात घालू. शनिवारी-रविवारी तिघं डोंगरावर जाऊ. एल्क मिळाला तर मिळाला. समोरासमोर आल्यावर काय बोलायचं, या काळजीने येणं टाळू नकोस. मीही त्याच काळजीत होते, पण बाबांनी सोय करून ठेवली आहे. मी शिसं तापवून ठेवते. तू सरळ शेडमध्ये ये आणि साचा धर. मी ओतीन, तू उघड. भांडं रिकामं होईपर्यंत आपल्याला एक शब्दही बोलायचा नाही.

तुझीच,
आर्डिस