कबड्डीच्या मैदानाची हद्द

६ जाने.
ग्रामपंचायतीत गावठाणाचा नकाशा लागला, ड्रोनने काढलेला. आपलं घर सापडेना म्हणून लोक माना वाकड्या करून बघत होते. मला आमची शाळा लगेच दिसली. शाळेमागे एक चौकोन आणि आत लिहिलेलं, ‘शाळेचे मैदान’. शाळेला मैदान कुठे आहे? दहा वर्षं मीच पी.टी. घेतोय. ती गयामावशीची मोकळी जागा. तिला विचारून आम्ही तिथे कबड्डी खेळतो, एवढंच.

७ जाने.
आज उलगडलं. ड्रोन यायच्या आधी दवंडी होती, ज्याने त्याने आपल्या हद्दीवर चुन्याची रेघ मारावी, वरून तीच दिसणार. मावशी तेव्हा चुडाव्याला, लेकीच्या बाळंतपणाला. तिची रेघ मारायला कोणी नव्हतं. आणि मी, स्पर्धा जवळ आल्या म्हणून, आदल्याच दिवशी राणीसावरगावहून चुना आणून मैदान आखलेलं. चांगलं ठसठशीत.
मग चूक माझी? की यंत्राची? काही कळत नाही.

९ जाने.
मुख्याध्यापकांना सांगितलं. ते खूश. “मास्तर, आपसूक मैदान मिळालंय, तुमी कशाला उकरायलाव?”
दुपारी मावशी आली. तिचं घरकुल त्याच जागेवर मंजूर आहे. “जागा नावावर न्हाई तर घरकुल न्हाई म्हणायलेत. आसं कसं झालं हो मास्तर?” मी म्हणालो, बघतो. खरं सांगायची हिंमत झाली नाही. लाज वाटते.

१३ जाने.
तालुक्याला गेलो. मोजणीचा बाबू म्हणतो, परत उडवून बघावं लागेल, पण सध्या ड्रोनबंदी आहे. चोर ड्रोनने घरं हेरतात अशा अफवा गावोगाव उठल्या, त्यामुळे. परवानगी पोलीस देतात. ठाण्यात म्हणाले तहसीलला जा. तहसीलला म्हणाले ठाण्याचं पत्र आणा. परत येताना रस्त्यालगतच्या तुरीवर एक ड्रोन आरामात फवारणी करत होता. त्याला कसं चालतं, उडवणाऱ्याला विचारलं. “ते शेतीचं हाय.” बरं.

१९ जाने.
आज गावची जत्रा. भर दुपारी डोक्यावर घरघर. वाटलं, आले मोजणीवाले! खराट्याने कबड्डीच्या रेघा पुसल्या. मावशीने सुतळी धरली, मी तिच्या हद्दीवर चुना टाकत धावलो. तोही संपला, शेवटचा कोपरा पिठाने केला. मावशी मधोमध उभी राहून वर हात हलवत होती, तिची जागा आहे हे कळावं म्हणून.
तेवढ्यात जीप. हवालदार म्हणाले, “काय पुसायलाव मास्तर? वरून लय संशयास्पद दिसायलंय.” ड्रोन पोलिसांचा होता, जत्रेच्या गर्दीसाठी. त्यांनी माझं नाव वहीत लिहून घेतलं. कशासाठी, ते सांगितलं नाही.

२४ जाने.
बाबूने वाट सांगितली. ज्याने रेघ मारली त्याने तसं लिहून द्यावं, ३१ पर्यंत. मग फेरउड्डाण लागणार नाही, बहुतेक. बहुतेक!
मु.अ. म्हणतात, सरकारी नोकर आहात, लिहून दिलंत तर नोटीस तुम्हालाच. शिवाय मैदान जाईल. पोरी तालुक्यात पहिल्या आल्यात, त्यांना कुठे खेळवू? भीती वाटते, हेही लिहून ठेवतो.

३० जाने.
कागद लिहिला. ‘सदर रेघ मी मारली.’ तीनदा फाडून चौथ्यांदा. सही बाकी.
शाळा सुटताना मावशी आली. आज सांगून टाकलं, रेघ माझी होती. ती म्हणाली, “मी गावात आसते तर तुमालाच मारायला सांगितली आसती. तुमचीच सरळ येती.”
तिला फाटकापर्यंत सोडलं. कागद वरच्या खिशात आहे, पेनही तिथेच. तालुक्याची गाडी सकाळी साडेसातला.