दिसतील तेवढेच काजवे

अण्णा, कालपासून मीही डोळ्यांत थेंब घालायला लागले. तुमचे थेंब मी घालायचे, माझे मीच घालते, त्यामुळे पहिला गालावर, दुसरा नाकावर आणि तिसरा कुठे डोळ्यात पडला. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात. थेंब आत गेला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा असतो, आणि तेवढ्या मिटलेल्या वेळात मला आपलं घर दिसतं. पडवी, पडवीपुढचा जांभ्या दगडाचा बुटका गडगा, गडग्यापलीकडे खाली उतरत गेलेला पऱ्या. मे महिन्यात पऱ्या कोरडा ठणठणीत असायचा, तरी मला त्यातलं पाणी ऐकू येतं. गडग्यावर तुम्ही बसलेले असता, अंगात बंडी, मांडीवर माझा हात. मग डोळा उघडते तर समोर माझं आपलं नेहमीचं कपाट.

मिरजोळ्याच्या त्या मालवाहतूक कचेरीत तुम्ही खिडकीवर बसायचात ना, तेव्हापासून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तुम्ही म्हणाल, मला काय सांगतेस, मीच बसत होतो. बसत होतात, पण स्वतःचं बोलणं तुम्ही कधी ऐकलंय? आंब्याचे दिवस, आवारात पेट्यांच्या थप्प्या, गवताचा आणि पिकत्या आंब्याचा वास, आणि मी तुमचा डबा घेऊन आलेली. पूर्णगडचे एक म्हातारे बागायतदार खिडकीत डोकं घालून विचारतायत, "पेट्या पोचल्या काय हो?" आणि तुम्ही पावतीवर शिक्का मारता मारता म्हणता, "पोचल्या, पोचल्या. पहाटेच उतरल्या." ट्रकचा तर अजून पत्ता नसायचा. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "अगो बाय, पोचायच्याच आहेत ना? मग त्या बिचाऱ्याने दिवसभर जीव टांगणीला लावून कशाला बसायचं?" असे तुम्ही. कोणाला नाही म्हणायचं तर तुमच्या जिवावर यायचं. शेजारची कढी खारट झाली तरी "फर्मास!" म्हणून वाटीभर मागून घ्यायचात आणि घरी येऊन घटाघटा पाणी प्यायचात.

म्हणूनच तुमचे डोळे जात चालल्याचं आम्हाला उशिरा कळलं. कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती, आणि तुम्ही आईला आणि मला गाडी बघायला स्टेशनवर घेऊन गेलात. गाडी डावीकडून आली. धडधडत आली, सगळा फलाट हलला, लोक हात हलवतायत, पोरं ओरडतायत, आणि तुम्ही उजवीकडे तोंड करून हसत उभे. निम्मी गाडी पुढे गेली तेव्हा कुठे दचकलात. मी विचारलं, "अण्णा, दिसली ना?" तर, "दिसली की! काय झकास आहे!" आई माझ्याकडे बघायला लागली.

काचबिंदू. डोळ्यात पाण्याचा दाब वाढतो, आतली नस सुकत जाते आणि नजर कडेकडेने विझते, असं त्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. कोल्हापूरकडच्या, वयाने माझ्याहून थोड्याच मोठ्या, बोलायला मोकळ्या. त्यांच्याकडे तेव्हा एका नव्या थेंबाचा अभ्यास चालू होता. काही लोकांना जुनं औषध, काहींना नवं, बाटलीवर नुसता आकडा. कोणाला कुठलं ते रुग्णाला ठाऊक नाही, त्यांनाही नाही. त्या सगळं मराठीत वाचून दाखवत होत्या: नको वाटलं तर कधीही नाही म्हणा, नजर घसरली तर अभ्यास सोडून दुसरा उपाय करू. आणि त्यांचं वाचून व्हायच्या आत तुम्ही पेन मागितलंत! घरी आई तणतणली, "डॉक्टरला ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक नाही, आणि डोळ्यात घालायचं! मी सांगत्ये, हे काही मला बरं दिसत नाही." तुम्ही म्हणालात, "ती पोर घसा कोरडा होईतो वाचत होती. नाही कसं म्हणायचं?" आईने कपाळाला हात लावला.

दाब मोजण्यापेक्षा ती दुसरी तपासणी मला जास्त आठवते. अंधारी खोली. एका डोळ्यावर पट्टी. हनुवटी टेकवून एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात बघत बसायचं, नजर मधल्या पिवळ्या दिव्यावर, आणि कडेला कुठे बारीकसा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी तुमच्या मागे स्टुलावर बसलेली असे. तिथे वेळ कसा जाई ते कळत नसे, आपण खोलीत आहोत की पाण्याखाली तेही कळत नसे. फक्त यंत्राची हलकी घरघर आणि तुमच्या बटणाची टकटक. टक, टक, टक. अगदी एका लयीत, पावत्यांवर शिक्के मारल्यासारखी. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, "काका, दिवा नसताना कसं काय दाबताय? मशीन मुद्दाम मधे थांबतंय, तेव्हापण तुम्ही दाबताय की!" पुन्हा केली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी मला बाजूला घेतलं. अशी तपासणी भरवशाची धरता येत नाही, तुमचं नाव अभ्यासातून काढावं लागेल. आणि त्याहून वाईट म्हणजे नजर खरंच किती राहिली आहे ते त्यांना कळायला मार्ग नाही. "दाब वर चाललाय. मला डोळ्यापुढं अंधार ठेवून औषध द्यायला लावू नका," म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, काळजीत होत्या. मला मात्र तुमचा असा संताप आला होता म्हणून सांगू!

घरी आलो. दिवेलागण झाली. पावसाच्या आधीचे दिवस, हवा अंगाला चिकटणारी, आणि पऱ्याकडेच्या किंजळीवर काजवे आलेले. दरवर्षी येतात तसे, सबंध झाड एकदम उजळायचं, विझायचं, पुन्हा उजळायचं. मी तुम्हाला गडग्यावर बसवलं. म्हटलं, समोर पऱ्यापलीकडच्या घरातल्या दिव्याकडे बघा, नजर हलवायची नाही, आणि काजवा दिसला की माझ्या हातावर बोट मारायचं. तुम्ही खूश. पोरीने खेळ काढला म्हणून खूश! आणि लागलात की मारायला: टक, टक, टक. झाड विझलेलं असतानाही टक, टक.

"अण्णा, आत्ता कुठे होता काजवा?"

"असेल गो. तुला नसेल दिसला."

"नव्हता. एकही नव्हता. खरं सांगा, का दाबता?"

मग अगदी हळू आवाजात म्हणालात, "ती पोर तिथे अंधारात बसून माझ्यासाठी एकेक दिवा लावते. मी नुसता बसून राहिलो तर तिला काय वाटेल? म्हणेल, एवढे लावले ते फुकटच गेले."

मला आधी हसू फुटलं. इतकं हसले की आई दारात आली. मग एकदम रडू यायला लागलं, आणि रडायचं नव्हतं म्हणून मी ओरडले, "ते यंत्र लावतं दिवे, अण्णा! त्याला काही वाटत नाही! तिथे पेट्या पोचल्या, पोचल्या चालत नाही. तुमची नजर चाललीय, कळतंय का?" बापाला असं बोलायची पद्धत नव्हती आपल्याकडे. आई "अगो, अगो" करत राहिली. तुम्ही नुसता माझा हात पुन्हा मांडीवर घेतलात, तळवा वर करून, आणि त्यावर बोट ठेवलंत.

आणि मग किंजळ पेटली. खालपासून शेंड्यापर्यंत, डावीकडची फांदी तर पऱ्यावर झुकून उजेड सांडत होती. तुमचं बोट हललं नाही. विझली, पुन्हा पेटली. बोट हललं नाही. उजवीकडून एकटाच एक काजवा उडत आपल्या अंगावर आला, तेव्हा तुम्ही एकदा, हलकेच, माझ्या तळव्यावर बोट टेकलंत. आपण तिथे किती वेळ बसलो होतो कोण जाणे. अजूनही मला कधीकधी वाटतं की आपण उठलोच नाही तिथून, आई जेवायला हाका मारतेय आणि आपण बसलोच आहोत.

पुढच्या तपासणीला तुमचं बटण क्वचितच वाजलं. मागे स्टुलावर बसून मी ती शांतता ऐकत होते आणि मनात म्हणत होते, दाबा हो अण्णा, एकदा तरी दाबा. कागदावर डावी बाजू सगळी काळी आली. डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी थेंब थांबवले, तुम्हाला अभ्यासातून बाहेर काढलं आणि ऑपरेशनची तारीख दिली. गेलेली नजर येणार नाही, आहे ती राखू, म्हणाल्या. आणि तुम्हाला चिंता कसली? "बाई, तुमच्या अभ्यासाचं माझ्यामुळे नुकसान झालं." त्या बघतच राहिल्या. "काका, नुकसान कसलं? नाही चाललं, हेपण लिहायचंच असतंय की. सगळेच चाललं म्हणायला लागले तर औषध कुणाला द्यायचं ते कसं कळणार?" हे तुम्हाला इतकं आवडलं की येईल जाईल त्याला सांगत सुटलात, नाही चाललं हेही लिहितात बरं का! पेट्यांबद्दल मात्र शेवटपर्यंत पोचल्याच म्हणत राहिलात.

राखलेली नजर तुम्हाला पुरली. माझ्या लेकीचं तोंड तुम्ही बघितलंत, अगदी जवळ घेऊन, उजव्या बाजूने. मी त्याच दवाखान्यात लागले, अभ्यासात येणाऱ्या लोकांना कागद वाचून दाखवायला. आता नुसते डोळ्यांचे नाहीत, साखरेचे, रक्तदाबाचे, सगळेच अभ्यास असतात. संगमेश्वरकडून माणसं येतात, तुमच्यासारखीच, आधीच पेन मागणारी. मी पेन मागे लपवते आणि तुमची गोष्ट सांगते. नाव नाही सांगत. हसतात, आणि मग नीट ऐकतात.

बापाला काचबिंदू असला की मुलांनी तपासून घ्यायचं असतं, म्हणून मीही दरवर्षी त्या वाडग्यात तोंड घालते. परवा उजवीकडे थोडी सावली निघाली. सुरुवातच आहे, घाबरू नकोस, म्हणाल्या बाई. त्यांचेही केस पिकले आता. थेंब लिहून दिले, तेच, तुमच्या बाटलीतले. तुमच्या बाटलीत नवं औषध होतं हे अभ्यास संपून बाटल्यांवरचे आकडे उघडले तेव्हा कळलं होतं. तुम्हाला नाही चाललं, पुष्कळांना चाललं. मला भीती वाटते, अण्णा. दिवसा नाही वाटत, डोळा मिटून कोपरा दाबून बसले की वाटते.

हे पाठवण्यात अर्थ नाही. पोचलं का म्हणून विचारलं असतं तर तुम्ही पोचलं, पोचलं, पहाटेच उतरलं म्हणाला असतात, आणि माझा विश्वास बसला असता.

एक राहिलं. परवाच्या त्या तपासणीत यंत्र मधे थांबलं. ते कधी थांबतं, कसं थांबतं, मला पाठ आहे. लोकांना मीच तर समजावते. दिवा नव्हता. मला ठाऊक होतं नव्हता. पण त्या अंधारात वाडग्यापलीकडे कोणीतरी बसलंय आणि माझ्यासाठी एकेक दिवा लावतंय असं वाटलं, आणि मी बटण दाबलं. बाईंनी कागदावर ती एक चूक दाखवून विचारलं, "तू पण?" मी म्हटलं, चुकून दाबलं गेलं. चुकून नव्हतं, अण्णा.