आप्पांच्या बोलण्याचं ॲप

रविवार, संध्याकाळ. निपाणी.

अर्धांगाच्या झटक्यानं आप्पांची वाचा गेली, म्हणून त्यांच्यासाठी फोनवर ॲप करतेय. चित्रावर बोट ठेवलं की दुसरी स्क्रीन उघडणार आणि फोन तो शब्द बोलणार. पाणी, चहा, दुखतंय. एवढंच. पण सकाळपासून एकच लाल ओळ: दुसऱ्या स्क्रीनला चित्राची माहिती मिळालेली नाही. दिली तर होती! मग का? बेळगावच्या ऑफिसात अशा चुका मी हसत काढते, आज रडू यायचं बाकी होतं. दुपारी सापडलं. ॲप बरोबर होतं. स्क्रीनचा नमुना दाखवणारा कोडचा तुकडा तेवढा चित्राची माहिती न देताच ती स्क्रीन उघडत होता. त्यालाही एक चित्र दिलं, लाल ओळ गेली.

चित्रांत आईचा फोटो होता. ती गेल्या साली गेली. ठेवावा की नको?

माझा भाऊ अण्णा म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं. पण शब्द कुठला घालतीस? आप्पांनी तिला कधी नावानं हाक मारली न्हाय."

मग त्यानंच आप्पांसारखा आवाज काढून "अगं ए" भरलं.

आप्पांनी पाणी, चहा सोडून थेट आईच्याच फोटोवर बोट ठेवलं. "अगं ए." परत ठेवलं. "अगं ए." मग फोन मांडीवर ठेवून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत बसले. अण्णा उठून परसात गेला. मी त्यांच्याशेजारी बसले आणि मीही दाराकडंच बघत राहिले.