‘पातळ भिंत’ची शेवटची चार सेकंदे

मी, खाली सही करणारी, वय सत्तावीस, बँडची गायिका आणि गीतकार, घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे. भीती आहे, दडपण कोणाचेही नाही.

१. बास गिटार दादाला. “चार तारा तर आहेत, दोन दिवसांत येईल मला,” असे तो नेहमी म्हणतो. आता करून दाखवावे.

२. पदवीचे प्रमाणपत्र आईने दोन खोल्यांमधल्या भिंतीवर लावले आहे. ते तिथेच राहू द्यावे.

३. माझा रेडिओ वडिलांना. आमचे गाणे लागले की ते उठून बाहेर जातात. एकदा तरी शेवटपर्यंत बसावे. त्या भिंतीपलीकडून मी लहानपणी त्यांचे ओरडणे ऐकले, आणि आईचे गप्प राहणेही. गाणे त्यावरच आहे.

४. ते गाणे, ‘पातळ भिंत’. आमचा बँड कानठळ्या बसवणारा. संथ गाणे हे एकच. टायरच्या दुकानामागच्या गोदामात आम्ही ते एका दमात रेकॉर्ड केले. त्या दिवशी मी घराची किल्ली विसरले होते. आई लाँड्रीत कामाला जाताना ती द्यायला आली आणि दाराशी उभी राहून सगळे ऐकत राहिली. शेवटचा सूर विरला तेव्हा हळूच म्हणाली, “तू जागी असायचीस?” रेकॉर्डिंगचे यंत्र अजून चालूच होते. मी फक्त किल्ली घेतली.

पहिल्यांदा दोनशे तबकड्या निघाल्या. गिटारवाला लांब्या म्हणाला, “रडगाणं मागच्या बाजूला टाक.” रेडिओवरच्या निवेदिकेने चुकून तीच बाजू लावली. लोकांना वाटले, आईचे ते शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम घातले आहे. कार्यक्रमांत शेकडो माणसे ते ओरडू लागली. आई एवढेच म्हणाली, “ते काढ.”

दुसऱ्यांदा रेकॉर्ड कंपनीने ते वाक्य काढले आणि व्हायोलिन घातली. त्याला कुत्रे विचारेना. तिसऱ्यांदा, मागच्या वर्षी, वेष्टनावर ‘मूळ रूप’ असे छापून ती चार सेकंदे परत आली. संमतीची सही माझी होती. खरे लपवू नये, हे माझे तत्त्व. ते खरे कोणाचे, हे मी पाहिले नाही.

त्याच आठवड्यात लाँड्रीत इस्त्री करताना एका मुलीने आईला हसत विचारले, “काकू, तू जागी असायचीस?” आई घरी आली आणि चपला न काढताच म्हणाली, “तू शिकलेली, तुझी सही घेतली त्यांनी. आवाज माझा आहे ना गं? मला कोणी विचारलं?”

म्हणून या गाण्याचे माझे सर्व हक्क आईला. करारानुसार माझ्या लेखी संमतीशिवाय ते रेकॉर्डिंग पुन्हा काढता येत नाही; ती संमती यापुढे तिची. ती नाही म्हणाली तर नाही. लांब्याने ‘आई, आई’ करत तिच्या मागे लागू नये. त्याला स्वतःची आई आहे.

५. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणतात. त्यामुळे आई बाहेर बाकावर बसली आहे, माझा स्वेटर मांडीवर घेऊन. तिचा प्रश्न मी रेकॉर्ड केला, गाणे तीनदा बाजारात आणले, दोनदा तिच्या आवाजासकट. उत्तर दिले नाही. हो, जागी असायचे. रोज. दादाने हे तिला नंतर वाचून दाखवावे, असे इथे लिहिणार होते. पण तिने दाराशी उभे राहून विचारले होते. मी कागदाआडून का सांगावे? हे कलम रद्द समजावे. सह्या झाल्या की साक्षीदारांनी बाहेर जावे आणि तिला आत पाठवावे.

सही: (माझी)

साक्षीदार:
१. वकीलबाईंच्या कचेरीतील टंकलेखिका. (सही)
२. ढोल्या, बँडचा ड्रमर. त्याला काहीच दिलेले नाही, म्हणून चालतो. (सही)

स्थळ: रुग्णालय, दुसरा मजला, खिडकीजवळची खाट
दिनांक: नऊ मार्च, बुधवार, दुपारी चार