आई म्हणते, मी वाढपी आहे

ताईला धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे. खोलीत ऊन येतं. कामावर चालत जातो, त्यामुळे तब्येतही ठणठणीत आहे.

मागे फोनवर तू काम विचारलंस, तेव्हा मी म्हणालो होतो, "मोठ्या किराणा दुकानात आहे, सकाळी भाव वाढवतो." आईने शेजारून नुसतं "वाढतो" ऐकलं. आता गल्लीभर सांगते म्हणे, पोरगं मोठ्या हॉटेलात वाढपी आहे, खाण्यापिण्याची ददात नाही. राहू दे. तिला खरं सांगू नकोस.

दुकान उघडायच्या आधी फळ्यांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या काढून मी नव्या लावतो. सोमवारी तेल, मंगळवारी चहा, बुधवारी पुन्हा तेल. सुरुवातीला वाईट वाटायचं. आता काही वाटत नाही.

काल एक आजी बिस्किटांचा पुडा धरून म्हणाल्या, "अरे, परवाच तर वाढवलेस ना?" मी "हो, आजी" म्हणालो आणि पुढच्या फळीकडे वळलो. पुडा दिसतो तेवढाच, आत दोन बिस्किटं कमी असतात. मला माहीत आहे, कारण हल्ली संध्याकाळी मी तोच खातो. भूकही फारशी लागत नाही.

तुमच्याकडे तेल काय भाव आहे? आईचं रोजचं दूध बंद केलं नाहीस ना?

रविवारी फोनवर आई म्हणाली, "सगळ्यांना वाढून झालं की स्वतःचंही पान वाढून घेत जा रे."

मी म्हणालो, "घेतो."

तुझा,
धाकटा