पानमळ्याची कूड

४ मार्च १९३४, रविवार

—दोरी हातातून सुटली आणि पश्चिमेची अख्खी तुराट्यांची कूड माझ्या अंगावर आली.

ती मी पाठीवर घेतली. दुसरं काय करणार! गारा पडत होत्या. आधी हरभऱ्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या. आत पानवेली शेवरीच्या झाडांवरून सुटून एकमेकींवर आपटत होत्या. कूड पडली असती तर वाऱ्यानं एक वेल उभी ठेवली नसती. पदराचा काठ दातांनी फाडला. कूड खांबाला बांधली. एक गाठ, त्यावर दुसरी. गारा थांबेपर्यंत तिला टेकून उभी राहिले.

मग भान आलं. मी मळ्यात उभी होते. आणि आज माझा दुसरा दिवस.

घरात आम्ही विटाळ पाळत नाही. गळ्यात लिंग असलेल्या बाईला कसला विटाळ, असं माझे वडील म्हणत. इथंही त्या दिवसांत चूल मला बंद नसते. पण पानमळ्याचं दार ओलांडायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिली गोष्ट सांगितली ती ही. स्वयंपाकघर नंतर दाखवलं. मी म्हटलं, आपल्यात तर असं नसतं. त्या म्हणाल्या, "बाईला नसतंय. वेलीला असतंय."

हे करंड्या घेऊन सोलापूरच्या बाजारात गेले होते. सासूबाई गावात, देवळात. मामंजी ओट्यावर बाजेवर, तापात, घोंगडी डोक्यावरून घेऊन, भिंतीकडे तोंड.

कुणी पाहिलं नाही. बहुधा.

५ मार्च

काल दुपारी अंगाची लाही होत होती. आज पौषासारखी थंडी. सासूबाईंनी पेटीतून शाल काढली.

सकाळी त्यांनी मळा फिरून पाहिला. हात जोडूनच बाहेर आल्या. "शिवा शिवा! शेजारच्यांच्या कुडी भुईसपाट, अन् आपली जाग्यावर हाय बग. देवानं हात लावला." आणि खांबाला नारळ फोडला. ज्या खांबाला माझी गाठ, त्यालाच!

मी दाराबाहेर उभी राहून खोबऱ्याचा तुकडा घेतला. खाल्ला.

गाठ त्यांना कशी दिसली नाही? काठ लाल आहे. लांबूनही दिसला असता.

६ मार्च

धुई. दहा हातांवरचं दिसत नव्हतं. गिरणीचा भोंगा जवळच वाजल्यासारखा वाटला.

८ मार्च

न्हाऊन आज मळ्यात गेले. आधी पश्चिमेला. माझा काठ तिथं नाही. त्याच जागी घायपाताची नवी दोरी.

 खुडायला आले होते म्हणून खुडत राहिले. पानं नीट पाहिली. गारांनी भोकं पाडलेली पानं आहेतच, ती सगळ्यांच्याच मळ्यात असतील. पण खाली, मुळाजवळच्या पानांवर काळे ठिपके आहेत. भोवती पिवळं कडं. बोट लावलं तर पान मऊ लागतं.

गारांचं पाणी वाफ्यात साचलं. त्यावर थंडी. त्यावर धुई. आज पुन्हा भट्टीसारखं ऊन. माणूससुद्धा आजारी पडेल अशा हवेत. मामंजी पडलेच आहेत. वेल सडणारच. यात न कळण्यासारखं काय आहे?

हे मला उजेडात कळतं.

८ मार्च, संध्याकाळ

चुलीपुढं बसले होते. हे आले, खिशातून काठ काढला आणि जाळात टाकला.

सासूबाईंनी माजघरातून विचारलं, "काय जाळतूस रं सोमू?"

"चिंधी हाय."

लाल काठ जळेपर्यंत दोघंही तिथंच. मी काही बोलणार तर म्हणाले, "बाजारातनं आलो तवाच दिसलं. सोडून घेतलं." आणि उठून गेले.

कूड तुझ्यामुळं राहिली, असं म्हणाले नाहीत. का गेलीस, असंही नाही.

१० मार्च

ठिपके वर चढले. काल गुडघ्याएवढ्या उंचीवर होते, आज कमरेएवढ्या. बारीक शेंड्यांनी माना टाकल्या. हे दिवसभर वाफ्यांची तोंडं फोडून पाणी काढत होते. मोट बंद. दुपारी असला गरम वारा सुटला की जमिनीला भेगा पडल्या. आणि संध्याकाळी ढग! पाणी द्यावं तर मुळं कुजतात, पाणी तोडावं तर पान करपतं. हे वाफ्यात बसकण मारून आभाळाकडे बघत होते. मी पाण्याचा तांब्या नेला तो त्यांना दिसला नाही.

सासूबाई दारात येऊन म्हणाल्या ते मला ऐकायचं नव्हतं.

"त्या साली असंच झालं हुतं."

त्या सालाबद्दल मला सगळं ठाऊक आहे, कुणी नीट सांगितलं नसलं तरी. यांची पहिली बायको पार्वतम्मा. मळा असाच काळा पडला. होटगीच्या मल्लप्पा देवऋषीला बोलावलं. दोष तिच्या नावावर निघाला. मामंजींनी गाडी जुंपायला सांगितली आणि तिला अक्कलकोटकडे माहेरी सोडून आले. लुगडी मागून पाठवली. तिचं म्हणणं होतं की त्या दिवसांत ती मळ्यात गेलीच नव्हती.

मग मी आले.

११ मार्च

अमावास्येला मल्लप्पा येणार. निरोप गेला.

१२ मार्च

मायाक्का आली होती. आमच्या पडीक रानात तिची मेंढरं बसतात. लेंड्या मळ्याला घालायला तीच आणते, म्हणून तिलाही अमावास्येला हजर राहायला सांगितलंय. गारांत तिची चार कोकरं गेली. सांगताना आधी रडली, मग मल्लप्पाची नक्कल करून दाखवली. डोळे फिरवून, घुमून! मला हसू आलं. किती दिवसांनी.

मी विचारलं, नक्की काय करतात?

"आवं मास्तरीनबाई, तुमाला ठावं न्हाय व्हय? शाळंत न्हाय शिकीवलं?" लग्नाआधी मी दोन वर्षं मुलींच्या शाळेत शिकवत होते, त्यावरून ती मला सोडत नाही. "ह्याच मळ्यातलं कवळं पान खुडायचं. एकेका बाईच्या मुठीत द्यायचं. मूठ गच्च. त्यो ढोल वाजीवतोय तवर उघडायची न्हाय. मग उघडा म्हंतो. जिचं पान काळं, तिनं मळा बाटिवला."

"आणि तुझं काळं निघालं तर?"

"निगंना की! मला कुटं घालवत्याल? मी आदीच रानात हाय. मेंढरामागं जाईन पुडच्या गावाला." मग तळवे पुढं करून म्हणाली, "पर माजं न्हाई निगायचं. हात बगा माजे. चुलीतली लाकडं! घाम म्हनून येत न्हाय."

ती गेल्यावर माझ्या मनात आलं, तिचंच निघू दे. तिचं काय जातंय. ती स्वतःच म्हणाली.

आलं खरं असं मनात.

१२ मार्च, पुन्हा

करून पाहिलं. न्हाणीत, दार लावून. कोवळं पान मुठीत धरलं. डोळे मिटले. मनात काही म्हणत राहिले, वेळ जावा म्हणून. उघडलं तर पान शिजल्यासारखं झालेलं, शिरेपाशी काळं.

माझ्या हाताला घाम येतो. भीतीनं येतो. दोषानं नव्हे. पण मल्लप्पाला दोन्ही सारखंच दिसणार. आणि पार्वतम्मालाही घाम आला असेल. ती न जाताही.

पान न्हाणीच्या मोरीत टाकलं. मग कुणाला सापडेल म्हणून बाहेर काढलं आणि चावून खाल्लं. मोरीतलं!

१३ मार्च

पुन्हा पाहिलं. हाताला राख चोळून. काळं. चुन्याचं बोट लावून. अधिक काळं.

सकाळी थंडी, दुपारी झळा, आता बारीक पाऊस. पावसाचा आवाज नाही, नुसता ओला वास. हे पोत्याची खोळ घेऊन मळ्यात गेले. पूर्वेकडचे तीन वाफे गेले म्हणाले. वेली उपटून बांधावर टाकल्यात. पाटीत घालून मीच नेल्या. जड होत्या.

मी यांना म्हटलं, तुम्ही सांगा ना सगळ्यांना. कूड पडली असती तर आज एवढाही मळा राहिला नसता.

यांनी पोत्याची खोळ झटकली. मग म्हणाले, "पान लई दाबून धरू नको. सैल धर."

एवढंच?

"मागच्या खेपंलाबी मी काय बोललो न्हवतो," म्हणाले. माझ्याकडे न बघता. मला वाटलं यांना लाज वाटत असावी. पण लाज वाटून माणूस गप्पच बसणार असेल तर मला तिचा काय उपयोग.

मी सांगून टाकलं तर? आज, आत्ता, सासूबाईंना? त्या दुष्ट नाहीत. माझ्या डोक्याला तेल लावतात. माझ्यासाठी धपाटे झाकून ठेवतात. पण मळा त्यांच्या लेकरासारखा आहे, आणि लेकरू आजारी आहे.

गाडी जुंपायला किती वेळ लागतो.

१४ मार्च, बुधवार

वारा पडलाय. पान हलत नाही. आभाळ राखेचं. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा हवेनं काहीच केलं नाही, आणि मला तिचीच सर्वांत जास्त भीती वाटली.

दुपारी मामंजींना पेज भरवत होते. ताप उतरलाय पण अंगात जीव नाही. तीन घास घेतले आणि म्हणाले, "पारवती, पुरं."

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. त्यांना चूक कळली का, सांगता येणार नाही. माझ्याकडे नीट पाहत होते. डोळे स्वच्छ होते, तापातले नव्हते.

मी म्हटलं, "मामा, मी दाक्षायणी."

"व्हय," म्हणाले. मग मळ्याकडे तोंड करून बसले. ओट्यावरून पश्चिमेची कूड सगळी दिसते. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचं तोंड भिंतीकडे होतं, हे मी पाहिलं ते गारा सुरू व्हायच्या आधी. नंतर मी कुठं पाहिलं!

"हा मळा म्या लावला," म्हणाले. "पयली शेवरी लावली तवा तुज्या सासूचं वय तुज्याएवढं बी नव्हतं."

मला वाटलं पुढं काही म्हणतील. पेजेची वाटी दूर सारली आणि आडवे झाले.

सासूबाईंनी उद्यासाठी ओटा सारवला. मायाक्का सांगून गेली की मल्लप्पा रातोरात निघतो, उजाडायला पोचतो. मी माझी ट्रंक उघडून पाहिली. काय घ्यायचं, काय राहू द्यायचं. मग बंद केली. कपडे मागून पाठवतात.

हात आताही ओले आहेत. अक्षर पसरतंय.

वडील मला ठेवून घेतील. शाळेत परत घेतील का, माहीत नाही. का परत आलीस, असं मुली विचारतील. काय सांगू? गारा आल्या म्हणून?

मी चुकले असं मला वाटत नाही. एकदाही वाटलं नाही. पण त्या काळ्या पानांकडे पाहिलं की मला वाटतं, मीच केलंय. मला हे खोटं आहे हे ठाऊक आहे, तरी वाटतं. याची भीती मल्लप्पापेक्षा जास्त आहे.

१५ मार्च, अमावास्या

सकाळी मल्लप्पाची गाडी बांधावर दिसली तेव्हा मामंजी बाजेवरून उठले. वहाणा मागितल्या. परसाकडे जात असतील म्हणून सासूबाईंनी पुढं ठेवल्या. ते काठी टेकत मळ्याकडे गेले. या घरात मळ्याच्या दारात वहाणाच काय, तान्ह्या पोराच्या पायातलं वाळंसुद्धा काढतात. ते दाराशी थांबले नाहीत.

"अवो! पायात वहाणा हायत तुमच्या!"

"ठावं हाय की."

एकेका वाफ्यातून गेले. जिवंत वाफ्यांतूनही. सासूबाई दाराला धरून खाली बसल्या. हे मोटेपाशी उभे होते, तिथून हलले नाहीत. बराच वेळ नुसता वहाणांचा आवाज. मग मामंजी परत आले, सारवलेल्या ओट्यावर चिखलाचे पाय घेऊन बसले, आणि मल्लप्पाला म्हणाले, "मळा म्या बाटिवला. हेबी साल, अन् त्येबी साल. आता काय इचारायचं त्ये मला इचार."

मल्लप्पानं ढोल गाडीतून उतरवलाच नाही. चहा घेतला आणि होटगीला परत गेला.