मुठीत मावेल एवढा उजेड

दि. ३ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईचा गुडघा आता बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. मी पुढे लिहिते ते मात्र तिला वाचून दाखवू नकोस. अगदीच मागे लागली तर नाटकाच्या गप्पा मनानेच रचून सांग, लहानपणी परीक्षेचे मार्क सांगायचास तशा.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या, आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग कडेचं, आणि शेवटी मधलंही. औषध नाही. किती दिवसांत, तेही सांगता येत नाही. मी म्हटलं, बाई, मी नाटकाचा कपडेपट सांभाळते, माझा सगळा दिवस अंधारातच जातो. त्यावर त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

प्रयोग चालू असताना मला विंगेतून सारखी ये-जा करावी लागते. तिथे दोर, खिळे, सेटच्या सुट्या पायऱ्या, सगळा पसारा. दोन प्रवेशांमधल्या काळोखात नायिकेच्या अंगावरचा एक झगा उतरवून दुसरा चढवायचा. हुक माझ्या बोटांना पाठ आहेत, पण तिच्यापर्यंत पोचायचं कसं? परवा मी राजाचा अंगरखा समजून पडदाच ओढायला लागले. सगळे हसले, मीही हसले, आणि खोलीवर येऊन रडले. व्यवस्थापकांना कळलं तर नोकरी जाईल, आणि तिच्याबरोबर थिएटरमागची ही खोलीही.

म्हणून मला एक टॉर्च निवडून पाठव. मुठीत मावेल, ॲप्रनच्या खिशात राहील, एका हाताने लागेल असा. लहान असला तरी उजेड भरपूर हवा. तू लिफ्टच्या कामात रोज टॉर्च वापरतोस, तुला त्यातलं कळतं.

हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार होते? आजवर लावलास तसाच जीव लाव.

तुझी,
ताई


दि. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून तोंडचं पाणी पळालं. आईने विचारलंच, काय लिहिलंय म्हणून. मी सांगितलं, नव्या नाटकात एक राजा आहे. ती म्हणाली, मग राज्य गेल्यासारखा चेहरा तू का केलायस.

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवूया का? मी येऊ का? तू नकोच म्हणणार. मग जे माझ्या हातात आहे ते केलं. ओळखीच्या दुकानदाराकडून चार टॉर्च बघायला म्हणून आणले. इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि एकेकाचा झोत खाली शाफ्टमध्ये सोडला. आम्ही टॉर्च असाच पारखतो. तिघे अर्ध्या वाटेतच दमले. चौथ्याने तळाशी पडलेला बोल्टचा नट दाखवला. तोच पाठवतोय.

तुझ्या अंगठ्याहून थोडा मोठा आहे. मागचं बटण दाबलं की लागतो. सेल चार्जिंगचा आहे, मोबाइलच्याच वायरने चार्ज होतो. पूर्ण उजेडावर ठेवलास तर तापेल, घाबरू नकोस. असला टॉर्च हातात असल्यावर अंधाराची काय बिशाद.

इकडची काळजी करू नकोस, आणि तिकडची लपवू नकोस.

तुझा,
ढब्बू


दि. २ मार्च

चि. ढब्बूस,
अ. आ. वि. वि.

टॉर्च मिळाला. पहिल्या दिवशी खिडकीतून लावून पाहिला तर समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. मला इतका आनंद झाला की दोनदा पुन्हा उडवली.

मग प्रयोग. म्हातारा राजा मरतो तो प्रवेश चालू होता. मी पुढची पायरी बघायला बटण दाबलं आणि तुझा तो झोत विंगेतून सरळ मागच्या पडद्यावर. मरणाऱ्या राजाच्या डोक्यामागे ताटाएवढं पांढरं वर्तुळ. प्रेक्षकांतून कुणीतरी म्हणालं, चंद्र उगवला, आणि सगळं सभागृह खिदळलं. राजा बिचारा हशातच मेला. तो नट अजून माझ्याशी बोलत नाही. व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर बजावलं की हे शेवटचं.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. त्या झोताने मला फक्त ते वर्तुळ दिसतं. बाजूचं जे थोडंफार दिसायचं तेही त्याच्या चकाकीत बुडून जातं. वर्तुळाकडे बघत पाय टाकला आणि तिथे पायरीच नव्हती. घोटा सुजून टम्म झालाय. तू उंटावरून शेळ्या हाकल्यास असं म्हणून भांडणार होते, पण भांडायचंही बळ नाही. ढब्बू, मला फार भीती वाटते. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी मी थोडी थांबते.

मला लांबचं काही बघायचं नाही रे. पायापासून हातापर्यंत दिसलं तरी पुरे. तेवढं दाखवणारा एखादा मिळतो का बघ.

रागावले नाही, एवढं मनात ठेव.

तुझी,
ताई


दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या घोट्याचं वाचलं आणि जेवण गेलं नाही. करायला गेलो एक नि झालं भलतंच. मी टॉर्च निवडला तो लिफ्टच्या शाफ्टसाठी. तू शाफ्टमध्ये राहत नाहीस, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही.

मग मी नकाशे गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या दोन नळ्या घेतल्या, डोळ्यांना बांधल्या, दिवे घालवले आणि स्वयंपाकघरातून न्हाणीघरापर्यंत निघालो. आधी तुला पाठवला तसला टॉर्च घेऊन. जमिनीचा नाण्याएवढा तुकडा लखलखीत, बाकी काहीच नाही. स्टुलावर आपटलो. तिथेच खाली बसून राहिलो. तू रोज अशी चालतेस, ताई?

दुसऱ्या दिवशी नळ्या घेऊनच दुकानात गेलो. दुकानदार आधी हसला, मग कशासाठी ते कळल्यावर त्याने दुकानातले दिवे घालवले. शेवटी त्याने खालच्या खोक्यातून एक टॉर्च काढला. तो कुणी घेत नाही, कारण झोत लांब जात नाही. पुढची काच दुधी आहे. उजेड पिवळसर, पण पसरट. पायापासून दोन्ही भिंतींपर्यंत एकदम दिसतं. नळ्या लावूनही मी चुकलो नाही. काचेच्या वरच्या अर्ध्या भागाला काळी पट्टी चिकटवलीय, म्हणजे उजेड खालीच पडेल आणि तुझा राजा शांतपणे मरेल.

घरी पुन्हा तालीम करताना आईने मला पकडलं. मग सांगावंच लागलं. ती रडली नाही. डोळे मिटून ओट्यापाशी गेली, मीठ, काड्यापेटी, चमचे, सगळं हाताने शोधून दाखवलं आणि म्हणाली, तिला ये म्हणावं, हे घर मी तिला डोळे मिटून शिकवीन. मग न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

तू येशील तेव्हा ये. पण खोली जाईल म्हणून थांबत असशील तर इथे खोली आहे.

पत्राची वाट बघणारा,
ढब्बू


दि. २१ ऑक्टोबर

चि. ढब्बूस,
अ. आ. वि. वि.

गेल्या वर्षीच्या मार्चात तू पाठवलेल्या दुधी काचेच्या टॉर्चने मला दीड वर्ष नोकरी करू दिली. एकदाही पडले नाही. एकदाही चंद्र उगवला नाही. आधी मंद उजेडावर भागायचं, मग मधल्यावर, आणि पावसाळा संपल्यापासून पूर्ण उजेडावर. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर खरं झालं असतं.

हे पत्र नायिका लिहून घेतेय. तिचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे, हेसुद्धा मी तिला लिहायला लावतेय.

गेल्या आठवड्यात प्रयोगाच्या आधी टॉर्चचं बटण दाबलं आणि काहीच दिसलं नाही. पुन्हा दाबलं. सेल गेला म्हणून चिडले, हिच्यावरच डाफरले, की माझ्या टॉर्चला हात कुणी लावला. हिने माझा हात धरला आणि बोटं टॉर्चच्या अंगावर टेकवली. चटका बसेल इतका तापला होता. किती वेळ लागलेलाच होता कोण जाणे. मी तो सरळ तोंडावर धरला. काही नाही, ढब्बू.

त्या प्रयोगाचे झगे मी शेवटचे चढवले, काळोखात, हुक न चुकता. मग स्वतःच जाऊन व्यवस्थापकांना सांगितलं. ते म्हणाले, त्यांना पहिल्या चंद्रापासून माहीत होतं. महिनाअखेरपर्यंत खोलीत राहा म्हणाले. मी तिथे ओरडून रडले, माणसासारखी नाही. आता लिहिताना हीसुद्धा रडतेय, म्हणून अक्षर आणखी बिघडलं असेल.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मला न्यायला ये. आईला म्हणावं, मीठ, काड्यापेटी आहे तिथेच असू दे.

नायिका मला बसथांब्यावर सोडेल. तिथे दिवसाही गर्दी असते. तू मला शोधत बसू नयेस म्हणून मी टॉर्च पूर्ण उजेडावर लावून हात वर धरून उभी राहीन. लोक हसले तर हसू देत. हाताला ऊब लागली की मी समजेन, लागलाय. पुढचं तू बघ.

लोभ आहेच, त्याला हात धरून घरी ने.

तुझी,
ताई